माणशी धूर

जव्हारमध्ये मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचे त्या सरांकडे पाहुण्याला चहा किती मिळणार, हे तो कशावर बसून आला यावर ठरायचं. एसटीने आलेल्याला कप काठोकाठ, वर खारी. खच्चून भरलेल्या जीपने आलेल्यालाही काठोकाठ, पण खारी नाही. दोघं मिळून एका मोटारसायकलवर आलात तर पाऊण कप. एकटेच पेट्रोलच्या गाडीवर आलात तर अर्धा. आणि एखादा एकटाच डिझेलची मोठी गाडी घेऊन दारात उतरला, की सर आत हाक मारायचे, "अगं, पाणी आण." पाणी पिऊन तो बिचारा आशेने बसून राहायचा. चहा काही यायचा नाही. मग काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याला मागच्या दाराशी बोलावून हळूच चहा पाजायच्या.

मी पडले कृषी सहायक. पेट्रोलची स्कूटी घेऊन भाताच्या आणि नागलीच्या वावरांवरून, पाड्यापाड्यांतून एकटीच हिंडायचे. म्हणजे माझ्या नशिबी कायमचा अर्धा कप. मी सांगलीकडची. आमच्याकडे असा अर्धा कप पुढे केला, तर माणूस पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही. पहिल्याच आठवड्यात मी फणकारले, "सर, मी काय पाहुणी आहे का? भाडेकरणीला तरी पूर्ण कप द्या!"

"भाडं खोलीचं देतेस," सर म्हणाले. "धुराचं काय?"

मी कप उचलला आणि एका घोटात संपवला. एकच घोट होता त्यात.

सर म्हणजे उंच, सडसडीत, बाराही महिने कानटोपी घालणारे निवृत्त शिक्षक. हातात कायम कापडी पिशवी, आत काही असो नसो. आयुष्यभर त्यांनी विज्ञान शिकवलं. जव्हार आणि मोखाड्यातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि उरलेल्या निम्म्यांची पोरं. वेळेच्या बाबतीत तर त्यांचा भलताच दरारा होता. शाळेची घंटा आणि सर यांत फरक पडला, तर शिपाई घंटेला दोष द्यायचा म्हणे. असं माणूस निवृत्त होऊन घरी बसलं की घरच्यांचं काही खरं नसतं. सरांनी धूर धरला.

धरला म्हणजे अक्षरशः धरला. जुनी पांढरी बनियनं कापून त्यांनी तुकडे केले होते. गावात कुठलीही गाडी उभी दिसली की हे मालकाला विनवायचे, "जरा चालू ठेव रे," आणि धुराच्या नळीच्या तोंडाशी तुकडा धरून उकिडवे बसायचे. मग तो तुकडा घरी आणून गॅलरीतल्या दोरीवर चिमट्याने लटकवायचे. खाली चिठ्ठी: जीप, डिझेल. ट्रॅक्टर, डिझेल. स्कूटी, पेट्रोल. ती माझी.

"लोकांच्या दोरीवर कपडे वाळतात," काकू म्हणायच्या, "आमच्या दोरीवर धूर वाळतो. एक साडी टाकायला जागा नाही मेली!"

डिझेलचे तुकडे तव्याच्या बुडासारखे काळे. माझ्या स्कूटीचा तुकडा मात्र जवळजवळ जसाच्या तसा. मला केवढा आनंद! "बघा सर, माझी गाडी स्वच्छ. आता पूर्ण कप."

"पेट्रोलचा धूर पांढरपेशा असतो," सर म्हणाले. "अंगावर डाग पडू देत नाही, एवढंच."

आणि मग समजावून सांगायला बसले. सरांनी समजावून सांगायला घेतलं की मी घाईत आहे असं म्हणायची सोय नसायची.

"हिशोब दोन आहेत बाळ. एक आभाळाचा, एक छातीचा. आभाळ तापवतो तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही. तो पेट्रोलमधूनही निघतो, डिझेलमधूनही. डिझेलची गाडी त्यातल्या त्यात तेल कमी पिते. त्यात जीपवाल्यानं माणसं कोंबून नेली तर माणशी धूर येतो नखाएवढा. तुझ्या वाट्याला येते अख्खी स्कूटी. आभाळाच्या हिशोबात तो काळाकुट्ट जीपवाला तुझ्यापेक्षा सज्जन."

"आणि छातीच्या हिशोबात?"

"काजळी छातीत जाते. तिथं डिझेल पहिल्या नंबरानं नापास."

"मग विजेची गाडी घ्या ना सगळ्यांनी!"

सरांनी दोरीवरचा शेवटचा तुकडा दाखवला. तो पांढराशुभ्र होता, पण त्याची पुरचुंडी बांधलेली होती आणि आत कोळसा. इस्त्रीवाल्याकडून आणलेला. "हा लाकडाचा आहे, तू दगडी समज," सर म्हणाले. "विजेची गाडी छातीच्या हिशोबात पास. आपल्या छातीच्या. वीज कोळशाची असेल तर धूर निघतोच, फक्त दुसऱ्या कुणाच्या दारात. शिवाय बॅटरी बनवताना जो निघाला तो वेगळा. तरी वर्षानुवर्षं वापरली तर बेरजेत तीच सगळ्यात कमी. पण धूर नाहीच म्हणायचं नाही. तसं कुणी म्हटलं तर मी चहात साखर घालणार नाही."

हे सगळं ऐकून गाव हसायचं. मीही हसायचे. पण त्या दोरीमागची खोली मी पाहिली आणि माझं हसू जरा कमी झालं.

सरांचं घर चढावर, आणि घराच्या बरोबर खाली जीपचा थांबा. घर आधीचं, थांबा नंतर आला. जुन्या जीपगाड्यांचे स्टार्टर धड नसतात, म्हणून ड्रायव्हर मंडळींना उताराची जागा हवी असते. ब्रेक सोडला की गाडी घरंगळते आणि चालू होते. पहाट फुटली की दाभोशाच्या, मोखाड्याच्या जीपा येऊन उभ्या राहायच्या, इंजिनं घरघरत ठेवून. सगळा धूर सरळ वर, काकूंच्या खोलीत. आणि काकूंना दमा.

मी राहायला गेले त्या वर्षी तो फार वाढला होता. काकूंना एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागायचं. जिना उतरणं तर बंदच झालं होतं. खिडक्या लावून, फटींत फडकी कोंबून त्या बसायच्या, हातात पंप. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, हवा बदला. आता बोला! मुंबईची माणसं हवा बदलायला जव्हारला येतात, हॉटेलं भरून जातात, आणि आमच्या काकूंना जव्हार सोडून पुण्याला जायला सांगतात! मुलगा पुण्यात होता. रोज सकाळी त्याचा फोन यायचा. दिवाळी झाली की मी आईला न्यायला येणार, हे त्याने ठरवून टाकलं होतं. काकूंना जायचं नव्हतं. "तिथं मी कुणाशी बोलू?" एवढंच त्या म्हणायच्या आणि खोकायला लागायच्या. सर तेव्हा कानटोपी घालायचे आणि बनियनचा तुकडा घेऊन खाली जायचे.

खाली जाऊन ड्रायव्हरांना धडा द्यायचे. सगळे त्यांचेच विद्यार्थी. "हो सर," म्हणायचे, इंजिन बंद करायचे, आणि सर जिना चढेपर्यंत परत चालू. सरांनी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं, काळे तुकडे एकेकाच्या आरशाला बांधून पाहिले. ड्रायव्हरांनी त्याच तुकड्यांनी काचा पुसल्या.

शेवटी सरांनी ठरवलं की आपण स्वतः करून दाखवायचं. त्यांनी विजेवरची स्कूटर घेतली. एवढं कौतुक त्या स्कूटरचं की काकू म्हणाल्या, "लग्नात माझ्याकडे सुद्धा असं पाहिलं नव्हतं." सूर्यमाळच्या आश्रमशाळेत सरांना भाषणाला बोलावलं होतं, विषय अर्थातच धूर. मलाही त्या बाजूला काम होतं. "मागे बस," सर म्हणाले. "माणशी निम्मा होईल."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. उन्हाळ्याचे दिवस, घाटाचा चढ, त्यावर आम्ही दोघं. सर ऐटीत गाडी हाकत होते आणि मला सांगत होते, "आवाज ऐक. ऐकू येतो का? नाही ना?" खोडाळ्याच्या पुढे चढावर तर काहीच ऐकू येईना, कारण गाडी थांबली होती.

ढकलत ढकलत एका पाड्यावर आलो. माझा अवतार बघण्यासारखा झाला होता. पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन पाण्याच्या टँकरची वाट बघत बसल्या होत्या. एक म्हातारी उठून आली, तिने स्कूटरभोवती एक फेरी मारली.

"मास्तर, तुजी गाडी काय खाते?"

"लाईट," सर म्हणाले.

"लाईट?" म्हातारीने कपाळाला हात लावला. "सकाळधरनं आमालाच नाय, तिला कुठली घालू?"

बाया पदर तोंडाला लावून अशा हसल्या की विचारू नका. सरांनाही हसू आलं. तेवढ्यात टँकर आला. डिझेलचाच, काळ्या धुराचा लोट सोडत. मी मुद्दाम सरांकडे बघितलं. त्यांनी खिशातला बनियनचा तुकडा काढला नाही. ते पुढे झाले आणि म्हातारीचा हंडा धरून उभे राहिले.

भाषण राहिलंच. संध्याकाळच्या आत परतायला एक जीप मिळाली ती गणपतची. हा गणपत म्हणजे आमच्या घराखालच्या थांब्यावरचाच, खोडाळ्याकडे सोयरिकीच्या कामाने आलेला. त्याने स्कूटर टपावर चढवली आणि दोरीने करकचून बांधली, शेजारी भाताची पोती आणि कोंबड्यांची पाटी. सर पुढे बसले, मी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये दाटीवाटीने. मोखाड्याच्या थांब्यावर गाडी भरायची होती. गणपतने इंजिन चालूच ठेवलं. सर उखडले.

"बंद कर ते! उभ्या गाडीला कशाला हवं इंजिन?"

"सर, बंद केली का मानूस उतरतो," गणपत म्हणाला. "शेजारच्या गाडीत जाऊन बसतो. चालू गाडी म्हंजे सुटनारी गाडी, बंद गाडी म्हंजे बिगाडलेली. मला काय हौस हाय दिझेल जाळायची? माज्याच पोटातनं जातंय ते."

सरांनी कानटोपी कानांवर ओढली. जव्हार जवळ आल्यावर मी कोपर मारून विचारलं, "स्कूटरचं वाईट वाटतंय का?" तर म्हणाले, "नाही गं. इतकी वर्षं मी इंजिनाला शिकवत होतो. पाशिंजराला शिकवायला हवं होतं."

पण पाशिंजराला कसं शिकवणार? सरांनी थांब्यावर भाषण केलं. उभ्या गाडीचा धूर, आभाळ, छाती, सगळं सांगितलं. लोकांनी मान डोलावून ऐकलं आणि घरघरणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसले. त्यांना तरी काय म्हणायचं! मजुरीला वेळेवर पोचायचं असतं, बंद गाडीवर भरवसा ठेवून कोण बसेल? इकडे गणपती येऊन गेले, काकूंचा खोकला वाढत चालला, आणि मुलाने पुण्यातली खोली रंगवून घेतल्याचं फोनवर सांगितलं.

मग एके सकाळी सर गणपतशी भांडायला म्हणून खाली गेले. भांडण लांबणार असं दिसल्यावर उभं कशाला राहायचं, म्हणून त्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. मांडीवर कापडी पिशवी. "आधी इंजिन बंद कर, मग बोलू," म्हणाले. गणपतने बंद केलं. दोघांची जुंपली. सर हातवारे करत होते, गणपत स्टिअरिंग बडवत होता. आणि बोलता बोलता गणपतने आरशात पाहिलं तर मागे माणसं! एक चढला, दोन चढल्या, कोंबडं घेऊन एक चढला. शेजारची जीप घरघरतेय आणि तिच्यात कुत्रं नाही!

"काय रे, बंद गाडीत कसे बसलात?" गणपतने विचारलं.

मागून उत्तर आलं, "सर बसलेत ना पुढं. म्हंजे सुटनारच गाडी. सर कदी लेट झालेत का?"

सर वर आले ते जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत. या वयात! काकूंच्या खोलीत जाऊन म्हणाले, "अगं, मला सापडलं!"

"काय? चष्मा?" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून जव्हारच्या थांब्यावर एक नवीन रीत सुरू झाली. पहाटे सर अंघोळ करून, कानटोपी घालून, मांडीवर पिशवी घेऊन पहिल्या जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसायचे. इंजिन बंद. चेहरा असा, की आता मुंबई गाठायची आहे. गाडी भरली की सर खाली उतरायचे, "अरे, चष्मा राहिला वाटतं," असं काहीतरी पुटपुटायचे आणि पुढच्या जीपमध्ये जाऊन बसायचे. ज्या गाडीचं इंजिन चालू, तिच्यात सर बसणार नाहीत, हा नियम. आठवड्याभरात ड्रायव्हर सरांसाठी भांडायला लागले. "सर, आज आधी माज्यात!" "काल तुज्यात बसलं व्हतं!" लग्नात नवरदेवाच्या शेजारी बसायला एवढी ओढाताण होत नसेल. ज्या माणसाने डिझेलवाल्याला चहा दिला नाही, तो सकाळभर या डिझेलच्या गाडीतून त्या डिझेलच्या गाडीत बसत होता. मी गॅलरीतून ओरडायचे, "सर, आज तुमच्या वाट्याला किती धूर?"

"शून्य!" सर खालून ओरडायचे. "मी जातोय कुठं?"

आणि खरंच, सकाळी धूर येईना. फटींतली फडकी काकूंनी एकेक करून काढली. खोकला रातोरात थांबला नाही, तो काही जादूटोणा नव्हता. पण पंप उशाशी राहायला लागला, हातात असायचा तो. एक दिवस काकूंनी मला सलग पाच मिनिटं झापलं, मी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. मी इतकी खूश झाले की टॉवेल तसाच ठेवला.

मला एकच धास्ती होती. लोकांना कळलं की सर कुठेच जात नाहीत, तर? मग कोण बसेल बंद गाडीत? परत घरघर सुरू, परत धूर, आणि दिवाळी तर तोंडावर आलेली. एकदा मी दाभोशाला निघाले होते, जीपनेच, पूर्ण कपाच्या लोभाने. शेजारी एक आजी नागलीचं गाठोडं घेऊन बसली होती. सर उतरले, चष्म्याचं पुटपुटत. मी घाईघाईने सारवासारव केली, "सर विसरभोळे आहेत हो जरा."

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "काय येडी हायेस का पोरी? मास्तर रोज चष्मा इसरतो, आनि चष्मा रोज नाकावर! आमाला का ठावं नाय?"

"मग बसता कशाला?"

"त्याची बायको दम्याची हाय ना वरती. आन तसंबी मास्तर बसला का गाडी भरते, भरली का सुटते. आजून काय पायजे?"

मागची सगळी गाडी हसली. सगळ्यांना ठाऊक होतं! पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, आणि एकानेही सरांना कळू दिलं नव्हतं. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. खिडकीबाहेर बघत बसले दाभोसा येईपर्यंत. घरी जाऊन काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही ठाऊक आहे. त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे आपण फसवतोय म्हणून."

आणि नेमके दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सर तापाने आडवे झाले. मुलगा दिवाळीसाठी दोन दिवसांत यायचा होता, आणि दिवाळी झाली की काकूंना घेऊन जाणार होता. सकाळी पहिलं इंजिन घरघरायला लागलं. मग दुसरं. कित्येक दिवसांनी तो वास घरात आला. सर पांघरूण फेकून उठायला लागले, मी त्यांना धरून ठेवलं. "सोड मला, गाड्या चालू झाल्यात," तापात पण तेच. मी म्हटलं, मी जाऊन बसते. पण मला कोण विचारतो? मी बसले तर लोक म्हणतील, मॅडम भाताची पाहणी करायला निघाल्यात.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बघते तर काकू! अंगावर शाल, काखेत सरांची पिशवी, कठड्याला धरून एकेक पायरी उतरतायत. मी धावले तर हातानेच मागे सारलं मला. थांब्यावर जाऊन गणपतच्या जीपवर त्यांनी थाप मारली.

"बंद कर रे ते. आज मी बसतेय."

गणपतने किल्ली अशी फिरवली की मोडते की काय. काकू पुढे बसल्या, पिशवी मांडीवर. पण त्यांना काही सरांसारखं नुसतं बसवेना. त्यांनी दारातून मान बाहेर काढली आणि कंडक्टरासारखी आरोळी ठोकली, "दाभोसा, दाभोसा, दाभोसा! चला, सुटली गाडी, चला लवकर, मागे सरका हो जरा, ताईंना जागा द्या!"

एकदाही न थांबता.

सर गॅलरीत आले होते, तापाने लाल, कठडा घट्ट धरून. गाडी भरली. वरपर्यंत भरली. आता काकू उतरतील म्हणून आम्ही बघत होतो, तर काकूंनी वर बघून हात हलवला. "अहो, मी जाऊन येते दाभोशाला! किती वर्षं झाली, नदी बघितली नाही!"

"अगं पंप! पंप घेतलास का?" सर ओरडले.

गणपतने ब्रेक सोडला. जीप काही आवाज न करता उतारावरून घरंगळत गेली. पार खालच्या वळणाशी पोचल्यावर त्याने इंजिन चालू केलं. सर रडत होते आणि मला म्हणत होते की ताप आहे, डोळ्यांतून पाणी येतं. मी म्हटलं, येतं हो सर.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. रोजच्यासारखा मुलगा. मी फोन सरांच्या कानाला लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, आई कशी आहे? द्या तिला."

"नाहीये घरात," सर म्हणाले. "दाभोशाला गेली."

मुलगा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "दाभोशाला? एकटी? अहो, कशाने गेली?"

"डिझेलनं!" सर ओरडले. "आणि एकटी कशाला रे, गाडी गच्च भरलीय!"